खोटं बोट

केटरिंगला पोचले तेव्हा चार वाजताच दिवे लागले होते.
लॅब म्हणजे टायरच्या दुकानामागची बैठी इमारत,
दारात ओलं पायपुसणं,
आत गरम प्लॅस्टिकचा, आपल्या शेडसारखाच वास.

मिसेस थॉर्नलींनी खोक्यातून आमचं यंत्र काढलं.
बाळाची दुधाची बाटली कोमट ठेवणारं,
भोसरीत जन्मलेलं, नाव 'ऊब'.
त्यांच्या तोंडात ते नाव बसेना.
"नमुना क्रमांक दोन," म्हणाल्या,
आणि ड्रॉवर उघडून एक बोट बाहेर काढलं.

पोलादी. पेरांत वाकणारं. नख नाही, रेषा नाहीत.
कुठल्याशा समितीनं लांबी ठरवलेलं.
शेजारी आणखी एक, करंगळीहून बारीक:
"हे तीन वर्षांच्या आतलं."

मोठं बोट कुठेच शिरलं नाही. मी श्वास सोडला.
मग त्यांनी 'ऊब'ला उताणं केलं,
हवेच्या फटीवर ते लहान बोट टेकवलं, किंचित ढकललं.
ते आत गेलं, वाकलं, काहीतरी शोधल्यासारखं थांबलं,
आणि टेबलावरचा बारका दिवा लागला.

"चालू यंत्र उलटं करून फटीत बोट कोण घालणार?"
माझा आवाज चढला होता.
त्या फॉर्म भरत राहिल्या.
"पहाटेचे तीन. आई तिसऱ्यांदा उठलेली.
धाकटं कडेवर. थोरलं जमिनीवर."
एवढंच.
बोट पुसून मऊ कापडात ठेवलं.

पुढचं सगळं तसं सरळ होतं.
पट्टीवर दोन ठिपक्यांमधलं अंतर साडेसहा, हवं आठ.
दीड मिलिमीटर! तांदळाच्या कणीएवढं.
"मध्ये खाच पाडा," त्या म्हणाल्या,
"करंटला वळसा घालायला लावा."
लेबल पाण्यानं घासलं पंधरा सेकंद, मग पेट्रोलनं पंधरा,
'भोसरी'तला 'भो' जरा फिकटला, पण वाचता येत होता.

बसस्टॉपवरून हणमंतला फोन केला.
तिकडे साडेदहा, तो सेकंड शिफ्टला.
गेली एकोणीस वर्षं तो प्रत्येक नग
हाताच्या मागच्या बाजूनं तपासतो.
शॉक बसला तर हात मागे येतो म्हणतो, मूठ आवळत नाही.
बोट दिलं की मनगट धरणारी जात आहे विजेची,
हेही त्याचंच.

मी सांगितलं: फटी अरुंद, आतून जाळी, पट्टीला खाच.
त्यानं लिहून घेतलं. विचारलं,
"तिकडची वीज वेगळी असते का, मॅडम?"
"नाही रे. तेच दोनशे तीस. फक्त प्लग वेगळा."

थोडा वेळ मागे प्रेसचा ठोका ऐकू येत राहिला.
"मग आपल्याकडं दिलेल्या नगांना पण लावायची ना जाळी?
म्हणजे एक आमच्या घरी पण आहे.
पोरगी रांगायला लागलीय."

बस आली. ड्रायव्हरनं दार उघडून माझ्याकडे पाहिलं.
अकराशे बेचाळीस नग.
सांगली, चिंचवड, एक कुणीतरी परभणीला नेलेला.
आम्हाला कुणी विचारलं नव्हतं,
म्हणून आम्हीही कुणाला.

"उद्या बोलू," मी म्हणाले, आणि चढलेच नाही.
दार मिटलं.
"नको, थांब हणमंत. फोन ठेवू नकोस.
आधी तुझ्या घरी फोन लाव.
म्हणावं, आत्ताच्या आत्ता पिन काढून ठेव, फळीवर, उंच.
मग ऑफिसातलं बिलबुक काढ, हिरव्या पुठ्ठ्याचं.
पहिल्या पानापासून वाच."

पुढची बस चाळीस मिनिटांनी होती.
थंडीनं बोटं बधिर झालेली, फोन या कानावरून त्या कानावर.
तो नावं वाचत गेला,
मी लॅबच्या फॉर्मच्या पाठीवर लिहीत गेले.